व्हायरसच्या नावावर टक्के मिळत नाहीत

एका ताईंचा प्रश्न आहे: "मिस्टरांना, वय ४३, आठ वर्षांपासून हेपॅटायटिस बी आहे. आता लिव्हर सिरॉसिस निघालाय. पोटातलं पाणी दोनदा काढलं. एमआयडीसीतल्या कंपनीत १८,६०० पगार आहे, ईएसआय आणि पीएफ कापतात. महिन्यातून दहा-बारा खाडे होतात. एचआर म्हणतात, राजीनामा द्या, बरे झालात की परत घेऊ. सिव्हिलमध्ये अपंगाच्या दाखल्यासाठी गेलो तर 'लिव्हरचं अपंगत्व नसतं' म्हणून परत पाठवलं. अमेरिकेतल्या एका साइटवर हेपॅटायटिसला डिसॅबिलिटी मिळते असं वाचलं. मग आपल्याकडे का नाही? आम्हाला काहीच मिळणार नाही का?"

ताई, आधी एकच सांगते. राजीनामा देऊ नका. तयार छापील कागदावर सही करायला बोलावलं, तर "घरी विचारून सांगतो" म्हणून उठून या. का, ते पुढे कळेलच. तुमच्या बाबतीत मिळण्यासारखं बरंच काही अजून 'नोकरीत आहे' या एका गोष्टीवर टांगलेलं आहे.

सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून मी २२ वर्षं काढली. आमच्या टेबलाशी रोज कुणीतरी फाइल घेऊन यायचं आणि वरचा रिपोर्ट दाखवून म्हणायचं, "हे बघा, पॉझिटिव्ह आहे." त्या रिपोर्टने उपचार सुरू होतात, पण पैसे सुरू होत नाहीत. व्हायरसने शरीराचं काय केलं आणि त्यामुळे माणूस कोणतं काम करू शकत नाही, हे लिहिलेला कागद लागतो. तो बहुतेकांकडे नसतो.

सिव्हिलमधल्या माणसाने तुम्हाला तोडून बोलायला नको होतं, पण तो बोलला ते खोटं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत: अंधत्व, कर्णबधिरता, हालचालीचं अपंगत्व, मनोविकार, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन्स वगैरे. लिव्हर त्यात नाही आणि किडनीही नाही. एचआयव्हीसुद्धा नाही. यादीतल्या प्रकारात किमान ४० टक्के भरले, तरच बहुतेक सवलती लागू होतात. तुमच्या मिस्टरांचं लिव्हर ऐंशी टक्के गेलंय असं डॉक्टर तोंडी म्हणाले असतील, तरी ते टक्के वेगळे. दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्रावर ते येत नाहीत.

अमेरिकेचं वाचलंत ते खरं आहे. तिथल्या सोशल सिक्युरिटीचा प्रश्नच निराळा असतो: या माणसाला कमीत कमी १२ महिने कुठलंही पोटापुरतं काम जमणार नाही, असं आहे का? त्यांच्या वैद्यकीय यादीत जुनाट लिव्हरच्या आजाराची आणि एचआयव्हीची स्वतंत्र नोंद आहे. शिवाय यादीत न बसणाऱ्याचं 'उरलेली कामाची ताकद' या मापाने मोजमाप होतं. पैसे मात्र मुख्यतः त्या माणसाने पगारातून आधी भरलेल्या वर्गणीच्या जोरावर मिळतात, किंवा तो फारच गरीब असेल तर वेगळ्या योजनेतून. आपल्याकडे दिव्यांग कायदा कामाची ताकद विचारत नाही, अवयव विचारतो. कामाची ताकद विचारणारे कायदे आपल्याकडेही आहेत. ते कामगार कायद्यांत आहेत आणि सिव्हिलच्या त्या खिडकीवर त्यांची माहिती कुणी देत नाही.

पण दाखल्याचा रस्ता कायमचा बंद समजू नका. व्हायरसने यादीतलं काही बिघडवलं असेल, तर दाखला मिळतो. एचआयव्हीत सीएमव्ही नावाच्या दुसऱ्या विषाणूने डोळ्याचा पडदा गेलेले रुग्ण मी पाहिलेत. त्यांना अंधत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून लंगडणाऱ्यांना हालचालीच्या अपंगत्वाचं मिळालं. टीबी मेंदूत जाऊन एक बाजू लुळी पडलेल्यांनाही मिळालं. थॅलेसेमियाच्या मुलाला रक्तातून हेपॅटायटिस सी झाला असेल, तर अर्ज थॅलेसेमियाचा करायचा, हेपॅटायटिसचा नाही. तिथे बोर्डापुढे व्हायरसचं नाव काढायचीही गरज नसते. हाडाच्या डॉक्टरला खुबा दाखवायचा. तुमच्या मिस्टरांचं तसं काही दिसत नाही, तेव्हा सिव्हिलच्या फेऱ्या तूर्त थांबवा. भाड्याचे पैसे वाचतील.

आता ईएसआयकडे, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेकडे येते. तुमचं खरं घबाड तिथे आहे आणि तेच तुम्ही वापरत नाही आहात.

दहा-बारा 'खाडे' म्हणता, ते बिनपगारी चाललेत ना? ईएसआयचा विमाधारक आजारी असेल आणि ईएसआय दवाखान्याच्या डॉक्टरने 'कामावर जाऊ नये' असं प्रमाणपत्र दिलं असेल, तर त्या दिवसांचे सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के पैसे बँकेत जमा होतात. वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. तुमचा हिशेब ढोबळ करते: १८,६०० भागिले ३० म्हणजे रोज ६२०, त्याचे ७० टक्के ४३४. दहा खाड्यांचे चार हजारांच्या वर होतात. सुरुवातीचे दोन दिवस प्रतीक्षेचे जातात, ते धरूनही महिन्याचं किराणा सामान निघतं. आजवरचे खाडे खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर घरी बसून गेले असतील, तर ते पाण्यात गेले असंच धरा.

याच्या पुढची पायरी फार कमी लोकांना ठाऊक असते. ९१ दिवस संपल्यावर ठरावीक दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ आहे. दर ८० टक्के, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. ही आजारांची यादी ३४ नावांची आहे. त्यात टीबी, कुष्ठरोग, एड्स, कॅन्सर आहेत. आणि, ताई, पोटात पाणी झालेला लिव्हर सिरॉसिस आणि क्रॉनिक अॅक्टिव्ह हेपॅटायटिस आहे. म्हणजे दिव्यांग कायद्याने दार लावलं, तिथे ईएसआयने तुमच्या मिस्टरांच्या आजाराचं नाव घालून दार उघडं ठेवलंय. ६२० चे ८० टक्के ४९६, तीस दिवसांचे १४,८८०. घरी बसून.

अटी अशा: सलग दोन वर्षं विमा असलेली नोकरी, आणि मागच्या दोन वर्षांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली. साध्या आजारपण लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत ७८ दिवस लागतात. इथेच बिनपगारी खाड्यांची गोम आहे. पगार नाही म्हणजे त्या दिवसाची वर्गणी नाही. आज महिन्याला अठरा-वीस हजेऱ्या आहेत तोवर ७८ सहज भरतात. 'कसंतरी जाऊन येतो' करत आणखी वर्षभर ओढलंत आणि हजेऱ्या दहावर आल्या, तर ऐन गरजेच्या वेळी दिवस कमी पडतील. हे माझ्यासमोर झालेलं आहे. जो कामगार सोसून सोसून कामावर जात राहिला, त्यालाच नियम आडवा आला.

प्रमाणपत्रावरच्या शब्दांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. एका पॉवरलूम कामगाराची फाइल आठवते. सिरॉसिस, पाय सुजलेले, डोळे पिवळे. त्याच्याकडे ईएसआय दवाखान्याची सात प्रमाणपत्रं होती आणि निदानाच्या रकान्यात क्रमाने लिहिलेलं: ताप, गॅस्ट्रायटिस, अशक्तपणा, ताप, कावीळ, अशक्तपणा, पोटदुखी. एकही शब्द खोटा नव्हता. पण ९१ दिवस संपले आणि वाढीव लाभ अडकला, कारण 'अशक्तपणा' ३४ नावांत नाही. कारकून तरी काय करणार, त्याच्यापुढे यादी आणि कागद. शेवटी ईएसआयच्या मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडून डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी आणि 'सिरॉसिस, जलोदरासह' (म्हणजे पोटात पाणी झालेला) असं स्पष्ट लिहिलेलं पत्र आणलं, तेव्हा गाडी हलली. मध्ये चार महिने गेले आणि त्या चार महिन्यांत त्याच्या बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलं.

म्हणून दवाखान्यात जाताना प्रत्येक वेळी रिपोर्टची झेरॉक्स सोबत न्या. डॉक्टरला नम्रपणे सांगा, "साहेब, मुख्य निदान लिहा, आजची तक्रार खाली लिहा." बहुतेक डॉक्टर लिहितात. गर्दीत त्यांच्या लक्षात येत नाही, एवढंच. आणखी एक. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढून टाकायला ईएसआय कायदा मालकाला मुभा देत नाही. गैरहजेरी फारच लांबली तर नोटीस देऊन काढण्याचे अपवाद नियमांत आहेत, पण ते वाढीव लाभावर असलेल्यासाठी बरेच पुढचे आहेत. एचआरच्या गोड बोलण्यामागे हेही असू शकतं. त्यांनी काढायचं म्हटलं तर कायदा आडवा येतो आणि तुम्ही स्वतः लिहून दिलंत की प्रश्नच मिटतो.

पीएफचं आता. पीएफमध्ये कंपनी जो वाटा भरते, त्यातला एक हिस्सा १९९५ च्या पेन्शन योजनेत जातो, हे ठाऊक असेल. तिथे दहा वर्षं नोकरी आणि ५८ वय हेच सगळ्यांच्या डोक्यात असतं. पण नोकरीत असतानाच माणूस कायमचा आणि पूर्ण अकार्यक्षम झाला, तर दहा वर्षांची अट नाही, वयाचीही नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. आणि 'पूर्ण अकार्यक्षम' म्हणजे काय? अकार्यक्षमता आली त्या वेळी तो जी कामं करू शकत होता, ती सगळी करायला आता असमर्थ. अपघात कारखान्यात व्हायला हवा असं नाही, आजारानेही चालतं. दिव्यांगांच्या २१ प्रकारांशी याचा संबंध नाही. पीएफ कार्यालय सांगेल त्या वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते. अर्ज १०-डी याच फॉर्मवर करायचा.

रक्कम मोठी नाही. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. समजा मूळ पगार आणि महागाई भत्त्याची सरासरी १२,००० आणि नोकरी १४ वर्षांची, तर महिना २,४००. आता राजीनाम्याचं गणित बघा. ४३ व्या वर्षी राजीनामा दिला की हेच २,४०० निदान पन्नाशीपर्यंत थांबतात. पन्नासाव्या वर्षी मागितले तर ५८ ला जेवढी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात. एका सहीची ही किंमत. ग्रॅच्युइटीतही तसंच आहे: आजारामुळे अकार्यक्षम होऊन नोकरी सुटली तर पाच वर्षांची अट लागत नाही. मिस्टरांची पाच वर्षं झाली असतील तर तुम्हाला त्याची गरज नाही, पण तीन-चार वर्षं झालेल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ईएसआयचे ९१ दिवस, मग वाढीव लाभ. तो संपत आला आणि डॉक्टर म्हणाले की आता कामावर जाणं नाही, तर नोकरीत असतानाच पेन्शन योजनेचा अकार्यक्षमतेचा अर्ज. कंपनी सोडायची वेळ आलीच, तर कागदावर 'वैयक्तिक कारणास्तव' हे दोन शब्द येऊ देऊ नका. 'वैद्यकीय अकार्यक्षमतेमुळे' असं आलं पाहिजे, सोबत प्रमाणपत्र जोडून.

निराधार योजनेबद्दलही विचाराल, म्हणून सांगून टाकते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग, विधवा यांच्याबरोबर आणखी एक गट आहे: 'क्षयरोग, पक्षाघात, प्रमस्तिष्कघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यासारख्या दुर्धर आजारामुळे' स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे स्त्री-पुरुष. यात हेपॅटायटिस नाही म्हणून तलाठ्याकडूनच, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, परत फिरलेले किती तरी लोक आमच्याकडे यायचे. मी त्यांना 'यासारख्या' या शब्दाखाली लाल रेघ मारून द्यायची. यादी तिथे संपत नाही, उदाहरणं संपतात. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाच्या अधीक्षकांनी 'दुर्धर आजार असून रुग्ण चरितार्थ चालवू शकत नाही' असं लिहून दिलं, तर अर्ज मंजूर करणाऱ्या तालुक्याच्या समितीला ऐकावं लागतं. दरवेळी ऐकतातच असं नाही. एका तालुक्यात मंजूर आणि शेजारच्या तालुक्यात नामंजूर, अशी एकाच आजाराची दोन प्रकरणं मी सांभाळली आहेत.

पण तुमच्यापुढे आज अडचण दुसरीच आहे. या गटासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० आहे. हो, वर्षाला. दिव्यांगांसाठी ५०,०००. महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य हवं. रक्कम महिना १,५००, आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २,५००. मिस्टरांचा एका महिन्याचा पगारच मर्यादेच्या जवळ जातो, तेव्हा ईएसआयचे पैसे येताहेत तोवर तहसीलच्या पायऱ्या चढू नका. वर्षभराच्या उत्पन्नाचा हिशेब लावून मला हा आकडा कायम हास्यास्पद वाटत आलाय. महिना पावणेदोन हजारांत घर चालवणारा माणूस दाखला काढायला बसभाडं कुठून आणतो, हे धोरण करणाऱ्यांनी एकदा बघावं.

एचआयव्ही असलेले वाचक हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तुमचं नाव निराधार योजनेत थेट आहे, वादाचं कारण नाही. एसटीच्या प्रवासातही सवलत आहे. अडतं ते गुपिताशी. एका तहसील कार्यालयाच्या बाकावर बसलेली माझी एक पेशंट, गावातली दोन माणसं शेजारी, आणि आतून आवाज आला, "एड्सवाले कागद घेऊन या." ती उठलीच नाही. ते पैसे तिने पुढेही कधी मागितले नाहीत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती उघड करणं त्यात बेकायदा आहे, कारकुनालाही. नुसत्या एचआयव्हीमुळे नोकरीवरून काढणंही. एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या समुपदेशकाला सांगा, ते बंद लिफाफ्यात पत्र देतात, आणि कित्येकदा एचआयव्हीग्रस्तांना आधार देणाऱ्या विहान केंद्राचे कार्यकर्ते सोबत येतात. एआरटीच्या उपचारांचं हिरवं पुस्तक खिडकीवर उघडून दाखवायची गरज नाही. हेपॅटायटिस बीला असं संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा नाही, हे मात्र खरं.

नर्स, वॉर्डबॉय, लॅब टेक्निशियन, जैववैद्यकीय कचरा उचलणारे यांची गोष्ट आणखी निराळी. कामावर सुई टोचून हेपॅटायटिस किंवा एचआयव्ही झाला, तर तो व्यवसायजन्य आजार धरता येतो. दवाखाना आणि प्रयोगशाळेतलं काम कायद्याच्या परिशिष्टात संसर्गाच्या जोखमीचं म्हणून नोंदलेलं आहे. मग ईएसआयचा साधा आजारपण लाभ नाही, अपंगत्व लाभ लागू होतो, तात्पुरत्या अकार्यक्षमतेत पगाराच्या ९० टक्के, आणि कायमचं नुकसान असेल तर कमाईची क्षमता किती घटली ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. पण त्यासाठी सुई टोचली त्याच दिवशी नोंदवहीत नोंद आणि त्याच दिवशी तुमची स्वतःची रक्ततपासणी हवी, निगेटिव्ह आलेली. 'टोचली होती तेव्हा नव्हता, नंतर आला' हे दाखवणारा दुसरा पुरावा नसतो. "काय होतंय एवढ्याने" म्हणून हात धुऊन पुढच्या बेडकडे गेलेल्या सिस्टर्सच्या हाती पुढे काहीच राहिलेलं नसतं.

हेपॅटायटिस सी असलेल्यांनी मुळात दाखल्यामागे धावण्याआधी उपचार घ्यावेत. २०१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गोळ्या मोफत आहेत, बहुतेकांचा कोर्स १२ आठवड्यांचा आणि व्हायरस जातो. जो आजार बरा होतो त्यावर कायमचं काही मागता येत नाही. सिरॉसिस राहिला तर गोष्ट वेगळी. हेपॅटायटिस बीचा व्हायरस सहसा जात नाही, पण टेनोफोव्हिरसारख्या गोळीने दबून राहतो, आणि तीही त्याच कार्यक्रमात मोफत मिळते. मिस्टरांची सुरू आहे ना? लाभाच्या फाइलसाठीही ते महत्त्वाचं आहे. 'उपचार घेत नाही' अशी नोंद झाली की ईएसआयचा डॉक्टर प्रमाणपत्र द्यायला कचरतो.

चिकुनगुनियानंतर वर्षभर सांधे धरलेत, कोव्हिडनंतर दम लागतो, अशीही विचारणा होते. त्यांना एवढंच: सांध्यांची हालचाल मोजता येण्याइतकी कमी झाली असेल तर हाडांच्या डॉक्टरकडून टक्के काढून बघा. तात्पुरत्या मुदतीचं प्रमाणपत्रही मिळू शकतं. नुसत्या थकव्याला आपल्याकडे आज तरी रकाना नाही.

ताई, येत्या सोमवारी मिस्टरांचं ईएसआय कार्ड, आधार, दोन्ही वेळचं पाणी काढल्याची डिस्चार्ज कार्डं, सोनोग्राफी आणि शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा एका पिशवीत घालून ईएसआय दवाखान्यात जा. कंपनीने खरंच किती दिवसांची वर्गणी भरली ते ईएसआयच्या वेबसाइटवर विमा क्रमांकाने बघता येतं, ते आधी बघून घ्या. पगारातून कापलं म्हणजे भरलं असं नसतं. तिथे आकडा कमी दिसला तर आधी तो वाद मिटवावा लागेल. मग तो आकडा आणि प्रमाणपत्रावर डॉक्टरने लिहिलेलं निदान, दोन्ही मला इथे कळवा. पुढचा अर्ज त्यावरून लिहू.